टॉवेल, धोटा आणि सुटा फ्लॅश : माझा अनुभव

टर्किश टॉवेलवर समोरून फ्लॅश मारला की फोटोत तो पुठ्ठा दिसतो. दोऱ्याचे जे बारीक फास विणीत उभे असतात, ज्यांच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं, तेच सपाट होतात. प्रकाश आणि लेन्स एकाच जागेवरून बघत असल्यामुळं प्रत्येक फासाची सावली त्याच्याच मागं दडते.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांचा चादर-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बाहेरगावचे व्यापारी आता व्हॉट्सॲपवर डिझाइन बघूनच ऑर्डर देतात, म्हणून फोटोचं काम घरातल्या कॅमेरेवाल्याकडं, म्हणजे माझ्याकडं आलं. मोबाइलवरचे फोटो मामांनी आधी पाठवून बघितले होते. "मरून रंग पाठवला तर समोरचा म्हणतो चॉकलेटी दिसायलाय. आता काय करायचं सांग की," असं त्यांचं म्हणणं.

कॅमेरा होता, फ्लॅश नव्हता. ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं रोलच्या जमान्यातला फ्लॅश देऊ केला, तोही फुकट. पण जुना फ्लॅश त्याचं व्होल्टेज मोजल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नये. तो चालू करून पूर्ण चार्ज होऊ दिला आणि मल्टिमीटरची एक तार पायाच्या मधल्या टिकलीला, दुसरी कडेच्या पत्र्याला लावली. आकडा दीडशे व्होल्टच्या पुढं गेला. हल्लीच्या फ्लॅशमध्ये तिथं जेमतेम काही व्होल्ट असतात. काही कॅमेरे जास्त व्होल्टेज सोसतात, काहींचं सर्किट त्यात जातं. आपला कुठल्या जातीचा हे कंपनीच्या माहितीपुस्तकात बघावं. मी आभार मानून फ्लॅश परत केला.

शेवटी गोडॉक्सचा टीटी ६०० घेतला आणि कॅमेऱ्यावर बसवायला त्याच कंपनीचा ट्रिगर, म्हणजे फ्लॅश सुटा, बाजूला ठेवूनही कॅमेऱ्यावरून बिनतारी चमकवता येतो. हा फ्लॅश पूर्ण मॅन्युअल आहे, टीटीएल नाही. दुकानदार टीटीएलवालाच घ्या म्हणत होता. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक छोटा चमकारा मारून वस्तूवरून किती उजेड परत येतो ते मोजतो आणि मग पॉवर ठरवतो. लग्नात, माणसं सारखी पुढं-मागं होत असताना ते सोयीचं आहे. पण पांढरा टॉवेल ठेवला की कॅमेरा तो राखाडी करायला बघतो, काळा ठेवला की उजळायला बघतो. एकाच कॅटलॉगमध्ये बारा रंग असतील तर बारा तऱ्हेचा उजेड. मॅन्युअलवर एकदा १/२ पॉवर लावली की रंग कुठलाही असो, उजेड तोच राहतो. वस्तू जागेवर पडून राहणारी असेल तर टीटीएलला जादा पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं कोडं सुटलं ते एका गोष्टीनं. फोटोत दोन उजेड असतात, खोलीचा आणि फ्लॅशचा, आणि दोघांची बटणं वेगळी आहेत. फ्लॅश लखकन येतो आणि जातो. शटर १/६० सेकंद उघडं असो की १/१६०, त्याचा सगळा उजेड आत येतोच. त्यामुळं शटर बदललं की फक्त खोलीचा उजेड कमी-जास्त होतो. ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफच्या आकड्यात) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) मात्र दोघांनाही लागू. फ्लॅशबरोबर शटरची वरची मर्यादा माझ्या कॅमेऱ्यात १/२००. त्याच्या वर गेलं की शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा बंद व्हायला लागतो आणि फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

पॅकिंगच्या खोलीत मी १/१६०, एफ ८, आयएसओ ४०० लावलं आणि फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढला. जवळजवळ काळा आला. तेच हवं होतं. ट्यूबलाइटचा हिरवट उजेड आता हिशेबातच नाही, जे दिसेल ते फक्त फ्लॅशचं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, फ्लॅशवर लावून ठेवला आणि मरून मरूनच आला. मामांनी चादर हातात धरून स्क्रीनशी ताडून बघितली आणि मान हलवली.

नंतर अंतराचा प्रश्न. चादर साठ इंच रुंद, म्हणजे दीड मीटर. मी घडीच्या शिडीवर चढून वरून फोटो काढत होतो, फ्लॅश एका बाजूला स्टँडवर. फ्लॅश जवळच्या कडेपासून एक मीटरवर ठेवला तर लांबची कड अडीच मीटरवर जाते. उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे त्या कडेला जेमतेम सहावा हिस्सा पोचतो. अर्धी चादर पांढरीफेक, अर्धी अंधारात. स्टँड मागं, चार मीटरवर नेला की चार आणि साडेपाच असा हिशेब होतो आणि लांबच्या कडेला निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो. उरलेली कसर समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करून भरली. महागड्या रिफ्लेक्टरची गरज पडली नाही.

स्टँडची उंची दीड मीटर. एवढ्या लांबून, एवढ्या कमी उंचीवरून उजेड कापडावर तिरका घासत जातो आणि टॉवेलचा एकेक फास उठून दिसतो. मोठं करून बघितलं तर प्रत्येक फासाच्या एका अंगाला चमक आणि दुसऱ्या अंगाला केसाएवढी सावली. जॅकार्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या चादरीत मोराच्या पिसाऱ्याची वीण कुठं वर येते, कुठं खाली दबते, तेही दिसतं. फक्त पांढऱ्या टॉवेलला पॉवर एक पायरी कमी केली, १/४. नाहीतर फासांच्या चमकत्या बाजू साफ उडून जातात.

एवढ्यावर काम संपलं असतं, पण मामांना कॅटलॉगच्या पहिल्या पानावर चालता माग हवा होता. शेडमध्ये ट्यूबच्या उजेडात धोट्याच्या, म्हणजे आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळणाऱ्या तुकड्याच्या जागी नुसता ओरखडा येतो. यंत्रमागाचा धोटा सेकंदाला दहा मीटरच्या वेगानं पळतो असं धरलं, तर १/२०० शटरमध्ये तो पाच सेंटिमीटर सरकतो. इथं फ्लॅश मदतीला येतो, पण पूर्ण पॉवरवर नाही. पॉवर जितकी कमी तितका चमकारा छोटा. १/३२ वर तो इतका आखूड होतो की धोटा मिलिमीटर-दोन मिलिमीटरच सरकत असेल. म्हणून १/३२ पॉवर, एफ ५.६, आयएसओ ४००, आणि फ्लॅश मागापासून दोन मीटरवर. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांमधून निघालेला धोटा जागच्या जागी थांबलेला मिळाला. अर्थात बटण नेमकं कधी दाबायचं याला काही इलाज नाही, फोटो काढत राहायचं.

शेडमध्ये दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे हवेत उडणारा कापूस. फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर तो प्रत्येक कण फोटोत पांढरा ठिपका होऊन येतो, बाजूला नेला की बरेचसे नाहीसे होतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माग चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही. फिरत्या मागाजवळ त्याचा हात असतो. मी स्टँड त्याच्या पाठीमागं लावला आणि आधी माग बंद असताना एकदा चमकवून दाखवला. मागाच्या खडखडाटात बोललेलं काही ऐकू येत नाही, सगळा कारभार खुणांवर. त्या अण्णांनी अंगठा दाखवल्यावरच पुढचं काम.

उत्साहाच्या भरात संक्रांतीला हाच फ्लॅश गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत घेऊन गेलो होतो. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, ते पेलणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. जवळच्याची बाराबंदी उजेडानं फुटणार आणि मागची गर्दी काळोखात जाणार, हे दिसतच होतं. शटर १/३० पर्यंत खाली आणलं की रस्त्यावरचे दिवे भरून येतात, तो उपाय आहे. पण एवढी उंच काठी तोलत चाललेल्या माणसाच्या तोंडावर चमकारा मारायला मन धजलं नाही. फ्लॅश बॅगेत गेला, आयएसओ ३२०० वर गेला. दाणेदार का होईना, फोटो आले.

सेलबद्दल एक सांगतो. भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेल फ्लॅशमध्ये घालू नका, चार्ज व्हायला ताटकळत बसावं लागतं. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे चार सेल आणि चार जादा असे ठेवावेत. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली फ्लॅश मुळातच तापलेला असतो, त्यामुळं तेव्हा पूर्ण पॉवरवर लागोपाठ मारणं मी टाळतो.

पॅकिंगच्या खोलीत आता फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा आहेत, शिडीची एक आणि स्टँडची एक. आकडे पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलेत: रंगीत १/२, पांढरा १/४. पॅकिंगचा मुलगाच नव्या डिझाइनचे फोटो काढतो. मला फोन येतो तो मामांचा, "अरे, फ्लॅशचे सेल कुठं ठेवलेस?" असं विचारायला.