२१ फुटांची डॅश लाइन

आमचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या बिल्डिंगा कॉम्प्युटरवर बांधायच्या. अमेरिकेतून ड्रॉइंग येतात, आम्ही पुण्यात बसून थ्रीडी मॉडेल करतो. नव्वद टक्के हॉस्पिटलं नाहीतर पार्किंग, आणि त्या पार्किंगचे पाइप. त्यामुळे पोलो ग्राउंड्सचं काम आलं तेव्हा सगळेच हरखले. न्यूयॉर्कमधलं बेसबॉलचं मैदान, १९६४ मध्ये पाडलं, आता तिथे चार टॉवर उभे आहेत. क्लायंटला ते व्हीआरसाठी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आत फिरता येईल असं, १९५४ साली होतं तसं हवं होतं. नावावर जाऊ नका, या जागेचा पोलोशी काही संबंध नाही. पोलो खेळायचे ते जुन्या जागी, जायंट्स हा न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ तिथून हलला तसा नावही उचलून घेऊन आला.

आता बेसबॉल आमच्यातल्या कुणालाच येत नाही. माझ्या हाताखालच्या पोराने, चांगला हुशार आहे तो, बॅट्समन उभा राहतो तिथपासूनच्या मापांचा तक्ता पाहिला. डावीकडे कडेची सीमा २७९ फूट, उजवीकडे २५८, आणि समोर सेंटरला ४८३. त्याने गुगल केलं तर नियम सापडला की कडेला किमान ३२५ हवेत. मग त्याने सरळ धरलं की २५८ ही टायपो, आणि ३५८ करून टाकलं. तो नियम १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांचा आहे, हे वाक्य पुढच्या ओळीत होतं, पण पुढची ओळ वाचायला वेळ कुणाला असतो, टाइमशीट तासावर चालते.

ही चूक मी अर्ध्या तासात पकडली, कारण स्टँड प्लॉटच्या बाहेर गेलं. मग त्याला समजावत बसलो, जरा जास्तच थाटात. म्हटलं, हे मैदान म्हणजे टेकाडाच्या पायथ्याशी लांबट जागेत बसवलेला बाथटब आहे. रुंदीला जागा नाही म्हणून कडा जवळ, लांबीला आहे म्हणून समोर अख्खं रान. क्रिकेटमध्ये बघ, बाउंड्री जास्तीत जास्त ९० यार्ड. उजवीकडचे २५८ फूट म्हणजे ८६ यार्ड, आपल्या कुठल्याही ग्राउंडवर शोभतील. पण समोरचे १६१ यार्ड! तिकडे मारलेला बॉल आपल्याकडे पार्किंगमधल्या गाड्यांवर पडेल आणि इथे फिल्डर पळत जाऊन पकडतो. २९ सप्टेंबर १९५४ ला एकाच मॅचमध्ये दोन्ही झालं. वर्ल्ड सिरीज, म्हणजे त्यांची वर्षअखेरची फायनल, तिची पहिली मॅच, आठव्या इनिंगला २-२, क्लीव्हलँड संघाच्या विक वर्ट्झने सेंटरला चारशे फुटांपलीकडे हाणला आणि जायंट्सच्या विली मेजने पाठमोरा पळत तो झेलला. दहाव्या इनिंगला जायंट्सच्या डस्टी ऱ्होड्सने उजव्या कडेने जेमतेम २६० फुटांवर मारला, तो होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा, तीन रन, मॅच खिशात. पोरगा म्हणाला, "सर, म्हणजे लांब मारला तो आउट आणि जवळ मारला तो जिंकला?" मी म्हटलं, अगदी बरोबर, म्हणून तर आकड्याला हात लावायचा नाही.

हे मी म्हटलं. मी.

आता माझं ऐका. प्लॅन म्हणजे बिल्डिंग साधारण कमरेच्या वर आडवी कापून वरून बघायची. कापलेल्याच्या वर जे राहतं, म्हणजे बीम, छज्जा, बाल्कनी, ते तुटक रेषेने दाखवतात. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडे आलेला प्लॅन जुन्या कागदाचा स्कॅन होता, कागद ताणलेला, एका कोपऱ्यात दोन फूट सरकलेला, दुसऱ्या कोपऱ्यात बरोबर. मी तो तीन दिवस ओढून-ताणून सरळ केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. त्यात डाव्या बाजूला भिंतीच्या पुढे, मैदानाच्या आत, एक तुटक रेषा होती. वाटलं, हीही स्कॅनचीच भानगड, वरच्या मजल्याचा लेयर सरकलाय. उचलली आणि खालच्या भिंतीवर स्नॅप केली. दिसायला इतकं नीट दिसलं! सेक्शन, म्हणजे बिल्डिंग उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग, सेटमध्ये नव्हतं, मी मागितलंही नाही.

ती रेषा सरकलेली नव्हती. डावीकडचा वरचा मजला खालच्याच्या पुढे, खेळणाऱ्यांच्या डोक्यावर, सुमारे २१ फूट आलेला होता. फिल्डर खाली ग्लोव्ह उघडून उभा आणि बॉल वरच्या मजल्याच्या काठाला लागून होम रन, असं तिथे व्हायचं. २७९ मधून २१ गेले की २५८ राहतात, म्हणजे उजवीकडचाच आकडा. मी डोळ्यांपुढे असलेली वजाबाकी केली नाही.

सॉफ्टवेअरने काही ओरडा केला नाही, कारण कशाला काही धडकतच नव्हतं. मॉडेल गेलं. पकडलं ते क्लायंटकडच्या एका म्हाताऱ्या सल्लागारांनी, लहानपणी वडिलांबरोबर तिथे जायचे ते. रात्री साडेनऊच्या कॉलवर त्यांनी डावीकडे उंच बॉल सोडायला सांगितला. बॉल वर गेला, खाली आला, फिल्डरच्या हातात. त्यांनी परत सोडायला सांगितला. परत कॅच. मग चष्मा काढून म्हणाले, "माझ्या डोक्यावरचं छप्पर कुठे गेलं?" रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. आमचा मॅनेजर म्यूट करून मला विचारत होता की हे रीवर्क बिल करता येईल का.

दुरुस्ती दीड दिवसाची. रेषा आता जागेवर आहे, खाली सावलीसुद्धा पडते, दुपारी तिसऱ्या बेसपर्यंत नाही पण कडेच्या फिल्डरवर नक्की. पण अजून टोचतं ते हे, की पोराची चूक चुकीची दिसत होती म्हणून सापडली. माझी बरोबर दिसत होती. आमची चेकलिस्ट हॉस्पिटलांसाठी केलेली आहे, तरी तिच्यात एक ओळ आहेच, "डोक्यावरच्या रेषा तपासल्या", आणि त्या चौकोनात टिक करून खाली केलेली सही माझी आहे, पोराची नाही.

परवा त्याच क्लायंटचं दुसरं मैदान आलं, फिलाडेल्फियाचं बेकर बोल, तेही कधीच पाडलेलं. उजवी सीमा २८० फुटांवर आणि तिच्यावर जाळी धरून ६० फूट उंच भिंत. पोराने येऊन विचारलं, "सर, साठच ना?"

मी त्याला म्हटलं, अजून तरी कशाला हात लावू नको, आधी सेक्शन मागव.