बोगद्यातील भित्तिचित्रे : रंगाचा पहिला हात

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे, या जुन्या रेल्वे बोगद्याच्या भिंतीवर रंगवून पाहिलेला ॲक्रिलिकचा नमुना तुकडा एक पावसाळाही टिकला नाही. विटांतून झिरपणारी ओल रंगाच्या पापुद्र्यामागे अडकली, आधी फुगे आले आणि मग पोपडे सुटले. त्यामुळे आता आम्ही पोटॅशियम सिलिकेटचा खनिज रंग घेतला आहे. आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये पेटंट घेतलेला हा रंग भिंतीवर थर धरून बसत नाही, तर चुन्याच्या गिलाव्याशी रासायनिकरीत्या एकजीव होतो आणि आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट ठेवतो. तो अल्कधर्मी असल्याने प्रशियन निळा त्यात टिकत नाही. म्हणून निळ्यासाठी कोबाल्ट आणि उरलेल्या छटांसाठी लोहाची ऑक्साइडे घेतली. काम करताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

लोणा, म्हणजे विटांवर फुटणारा पांढरा क्षार, मात्र धुऊन काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पाण्यात विरघळलेला क्षार पुन्हा विटेत शिरतो आणि सुकताना दुप्पट जोमाने वर येतो. आम्ही तो कोरड्या ब्रशने झाडला, खाली कापड अंथरून गोळा केला आणि बाहेर नेला.

सर्वांत रमलो ते कोनाड्यांत. गाडी येताना रुळांवरच्या कामगारांना अंग चोरून उभे राहता यावे म्हणून भिंतीत ठेवलेल्या या जागा माणसाच्याच मापाच्या आहेत, म्हणून बोगदा खोदणाऱ्यांची आणि गँगमनची चित्रे आम्ही तिथेच, पूर्ण उंचीची काढत आहोत. कागदावरील रेषांवर टाचणीने भोके पाडायची, कागद भिंतीला टेकवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलके थोपटायची. कागद उचलला की ठिपक्यांतून आधी खांदा, मग हातातली पहार दिसू लागते. हे पाहताना दर वेळी हात थांबतो.

कमानीवर वाफेच्या इंजिनांची काजळी अजून आहे. ती सगळी घासून काढावी, असे काही सहकाऱ्यांचे मत होते. बऱ्याच चर्चेनंतर माथ्यावरचा पट्टा तसाच ठेवायचे ठरले, कारण त्या मार्गाचा इतिहास सांगणारी ती सर्वांत जुनी खूण आहे आणि तिची नक्कल आमच्याच्याने होणार नाही.

दिव्यांच्या पिवळ्या उजेडात कोबाल्ट मळकट दिसतो. पुढच्या आठवड्यात कायमचे दिवे लागल्यावर, त्याच उजेडात छटा पाहून दुसरा हात देऊ.