खिंडीच्या चढावर घसरलेली चेन आणि ई-माउंटन बाईकसाठी चेनरिंगची निवड

ज्यांना मोटर असलेल्या माउंटन बाईकवरून सलग काही दिवस डोंगरात भटकायचे आहे, त्यांनी निघण्यापूर्वी झिजलेली चेनरिंग (पेडलपाशी चेन ओढणारे पुढचे दातेरी चक्र) बदलावी आणि नवी रिंग स्टीलचीच घ्यावी. हे मी इतके ठामपणे लिहितो, कारण विक्रेत्याने "ई-बाईकसाठी खास मजबूत केलेली" म्हणून मूळ रिंगच्या दुप्पट किमतीला जी रिंग माझ्या माथी मारली, ती प्रत्यक्षात काळा मुलामा दिलेली साधी ॲल्युमिनियमची निघाली.

सुरुवातीचे दिवस जंगलातल्या मऊ वाटांवर निर्वेध गेले. मग पाऊस लागला आणि खिंडीचा चढ सुरू झाला. बारीक रेती मिसळलेला चिखल, सुट्टे दगड आणि मागच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, सर्वांत मोठ्या चक्रावर चढवलेली चेन, अशा स्थितीत पेडलवर जोर देताच चेन दात्यांच्या टोकांवर चढून खाडकन घसरू लागली. पुढे तर ती रिंगच्या खालच्या बाजूने सुटेचना. दात्यांनी धरून तिला वर ओढले आणि चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या) फटीत अडकवले. मोटर पेडल थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते, त्यामुळे ही अडकण साध्या सायकलीपेक्षा अधिक घट्ट बसते. जवळपास पंचवीस किलोची बाईक ढकलत वर नेताना अंगातले त्राण संपले.

वर पोहोचल्यावर रिंग पुसून पाहिली. दात्यांच्या ज्या बाजूवर चेनचा ओढा येतो तिथला काळा थर पूर्ण गेला होता, आतला चंदेरी धातू उघडा पडला होता आणि प्रत्येक दाता आकड्यासारखा वळला होता. चेन जागेवर राहावी म्हणून एकाआड एक जाड-बारीक ठेवलेले दाते आता एकाच जाडीचे दिसत होते. ॲल्युमिनियमच्या रिंगवरचा कठीण थर फार पातळ असतो. चिखलातल्या रेतीने तो एकदा खरवडला की आतला मऊ धातू भराभर झिजतो.

यामागचे गणित सोपे आहे. हल्लीच्या अनेक ताकदवान मोटरी ८५ न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतात. ३४ दात्यांच्या रिंगची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर भरते, म्हणजे पायांचा जोर सोडून दिला तरी चेनवर सुमारे १२४० न्यूटन, अर्थात सव्वाशे किलोच्या वजनाइतका ताण येतो. रिंग ३० दात्यांची केली तर हाच ताण १४०० न्यूटनवर जातो आणि तो पेलायला दातेही कमी उरतात. म्हणून चढ सोपा व्हावा या हेतूने रिंग लहान करण्याचा सल्ला मी देणार नाही. ३२ किंवा ३४ दाते ठेवावेत आणि सोपा गिअर मागच्या कॅसेटमध्ये शोधावा.

विकत घेताना खिशात छोटा चुंबक ठेवावा. बहुतेक स्टीलच्या रिंगांना तो चिकटतो, ॲल्युमिनियमला कधीच नाही, आणि मुलाम्याचा रंग कितीही भारदस्त असला तरी ही परीक्षा चुकवता येत नाही. स्टीलमुळे सुमारे शंभर ग्रॅम वजन वाढते, पण एवढ्या जड बाईकवर त्याची तक्रार करणे व्यर्थ आहे. ओली ठेवली तर साध्या स्टीलला गंज चढतो. रोज संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवला की पुरते.

माप मात्र काटेकोर पाहावे. आपल्या मोटरचा स्पायडर (रिंग ज्यावर बोल्टने बसते तो भाग) चार बोल्टचा, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिलिमीटर असलेला आहे की रिंग थेट बसणारी आहे, आणि चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून रिंगपर्यंतचे अंतर) ५२ मिलिमीटरची आहे की ५५ ची, हे मोटरच्या कागदपत्रांत पाहून मगच मागणी नोंदवावी. तीन मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण खड्या चढावर चेन मोठ्या चक्रावर असते. चेनलाइन बाहेर सरकली की तिथेच ती सर्वाधिक तिरपी होऊन दात्यांच्या कडा घासते. शिमानोच्या बारा गिअरच्या चेनची आणि स्रॅमच्या सपाट माथ्याच्या चेनची घडण निराळी असल्याने त्यांना जुळणारीच रिंग लागते. काही मोटरींच्या लॉकरिंगचे (रिंग जागी घट्ट धरणाऱ्या कड्याचे) आटे उलटे असतात, म्हणून पान्यावर जोर लावण्याआधी दिशा तपासावी.

नव्या रिंगवर जुनी चेन चढवू नये. अकरा-बारा गिअरच्या बाईकवर चेन ०.५ टक्के लांबली की बदलावी. तिची झीज मोजायची पट्टी तळहातावर मावते आणि ती सामानात हवीच. गिअर बदलताना पेडलवरचा जोर क्षणभर सोडावा, विशेषतः मोटर पूर्ण ताकदीवर असताना.

स्टीलची रिंग आणि नवी चेन बसवून मी पुन्हा त्याच चढावर गेलो. चिखल तसाच होता, चेन एकदाही घसरली नाही आणि वर पोहोचल्यावर मी आनंदाने ओरडलो. ॲल्युमिनियमची रिंग सपाट, कोरड्या रस्त्यांसाठी ठीक आहे. मोटरच्या बाईकवरून ओल्या डोंगरात जाणाऱ्याने ती घेऊ नये.