ती पट्टी, ते सुकाणू

दुपारची वेळ आहे आणि हाताशी थोडा वेळ आहे. एवढ्याशा वाक्यात ‘वेळ’ दोनदा येऊन गेली, आधी ‘ती’ म्हणून आणि मग ‘तो’ म्हणून, आणि वाचणाऱ्याला कुठे ठेच लागली नाही. गळ्यातला हार वेगळा, सामन्यातली हार वेगळी. पायाखाली वीट असते आणि रोजच्या पोह्यांचा वीट येतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. तरी जर्मनच्या पहिल्या तासाला ‘डेर, डी, दास’ ही नामाआधी लागणारी आर्टिकलं फळ्यावर आली की भले भले मराठी लोक कपाळाला हात लावतात. तीन लिंगं! जणू काही घरात कधी तो, ती, ते पाहिलेच नाहीत.

अर्थशास्त्राचं जर्मन वाचायला घेणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात ‘श्टॉयर’ हा शब्द भेटतो. शब्दकोशात त्याच्या दोन नोंदी एकाखाली एक असतात. डी श्टॉयर, अनेकवचन श्टॉयर्न, म्हणजे कर. दास श्टॉयर, अनेकवचन पुन्हा श्टॉयरच, म्हणजे जहाजाचं सुकाणू किंवा गाडीचं स्टीअरिंग. उच्चार एकच: सुरुवातीचा ‘श’ स्पष्ट, शेवटचा ‘र’ जवळजवळ गिळलेला. तो ‘श’ विसरलात तर ‘टॉयर’ होतं, म्हणजे महाग. कराच्या बाबतीत ही चूक अगदीच चूक म्हणवत नाही.

हा शब्द बहुतेकांच्या तोंडात आधी ‘डेर श्टॉयर’ असा बसतो. त्याला तीन कारणं आहेत आणि तिन्ही सभ्य आहेत. ‘-अर’ने संपणारे लेरर (शिक्षक), फारर (चालक), कंप्यूटर हे सगळे पुल्लिंगी, म्हणून हाही तसाच असेल असं वाटतं. दुसरं, डोक्यात मराठी ‘तो कर’ बसलेला असतो. तिसरं कारण सगळ्यात लबाड आहे. जर्मन लोक उठता-बसता म्हणतात, ‘फॉन डेर श्टॉयर आबझेत्सन’, म्हणजे एखादा खर्च दाखवून करात वजावट घेणं. कानावर ‘डेर श्टॉयर’ पडतं आणि शंका फिटते. पण ‘फॉन’ (म्हणजे ‘-पासून’) या शब्दानंतर चतुर्थी विभक्ती येते आणि चतुर्थीत स्त्रीलिंगी ‘डी’चं ‘डेर’ होतं. म्हणजे इथला ‘डेर’ हाच शब्द स्त्रीलिंगी असल्याचा पुरावा. पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी असता तर ‘फॉन डेम’चं ‘फॉम’ झालं असतं. ‘आन डेम’चं तसंच ‘आम’ होतं. वर्तमानपत्रात ‘आल्कोहोल आम श्टॉयर’ असा मथळा दिसला तर ती दारू पिऊन गाडी चालवल्याची बातमी असते. दारूवरचा कर हवा असेल तर ‘आल्कोहोलश्टॉयर’ असा सलग शब्द आहे.

यावर उपाय घरातलाच आहे. जर्मन नामाशेजारी वहीत मराठी अर्थ लिहिताना पहिला सुचेल तो शब्द लिहू नये, लिंग जुळणारा शब्द शोधावा. डी श्टॉयरपुढे ‘तो कर’ लिहिलंत की आयुष्यभर घोटाळा. तिथे ‘ती पट्टी’ लिहा. घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतोच, चौथाईही स्त्रीलिंगीच होती. दास श्टॉयरपुढे लिहा ‘ते सुकाणू’. लिंग जुळलं, अर्थ जुळला, वेगळं पाठांतर नाही. ही सोय हिंदीवाल्याला अर्धीच आहे, इंग्रजीवाल्याला नाहीच.

हीच युक्ती ‘गेहाल्ट’लाही चालते. दास गेहाल्ट म्हणजे ते वेतन, डेर गेहाल्ट म्हणजे तो अंश, दागिन्यातला चांदीचा किंवा बाटलीतला अल्कोहोलचा. ‘फेअरडीन्स्ट’चंही तेच: डेर म्हणजे तो मेहनताना, दास म्हणजे ते श्रेय. जर्मनीत काही लोकांना ‘डेर’वाला पुष्कळ मिळतो आणि काहींच्या वाट्याला नुसता ‘दास’वाला येतो. हे काही फक्त जर्मनीतलं नाही म्हणा.

पुढे यादी आपोआप वाढते. डेर मार्क्ट, तो बाजार. डेर प्राइस, तो भाव. डी नाखफ्रागे, ती मागणी. दास कापिटाल, ते भांडवल. दास कोंटो, ते खातं. डेर गेविन आणि डेर फेअरलुस्ट, तो नफा आणि तो तोटा. हे सगळं योगायोगाने जुळतं, नातं म्हणून नाही, आणि योगायोगावर फार विसंबू नये. मागणी जुळली म्हणून पुरवठाही जुळेल असं वाटतं, तर तिथे ‘दास आंगेबोट’ निघतं. ‘डेर त्सिन्स’ला आपलं व्याज जुळत नाही. असे शब्द लाल शाईने लिहावेत, दुसरा इलाज नाही.

लिंग आलं म्हणजे वापर आला असं मात्र नाही. ‘कर भरतो’ हे आपण एकवचनात म्हणतो, जर्मनमध्ये ते अनेकवचनात आणि आर्टिकलशिवाय: ‘इश त्साले श्टॉयर्न’. तिथे ‘श्टॉयर’ म्हटलं की परकेपणा उघडा पडतो. उलट वर्षाचं विवरणपत्र भरायला बसलेला माणूस ‘इश माखे माइने श्टॉयर’ म्हणतो, चक्क एकवचनात. लिहिताना नामाचं पहिलं अक्षर मोठं काढायला विसरलात तर ‘श्टॉयर्न’चं क्रियापद होतं: चालवणं, दिशा देणं. तंबाखूवर कर वाढवून लोकांना तंबाखूपासून वळवण्याच्या धोरणाला जर्मन मंडळी ‘मिट श्टॉयर्न श्टॉयर्न’ (करांनी दिशा देणं) म्हणतात आणि स्वतःच्या विनोदावर खूश होतात.

समासात लिंग शेवटच्या पदाचं, त्यामुळे श्टॉयर आधी आला की त्याचं लिंग झाकलं जातं आणि अर्थ अंदाजाने काढावा लागतो. श्टॉयरबेराटर हा करसल्लागार, पण श्टॉयरमान हा सुकाणू धरणारा, आयकर खात्यातला माणूस नव्हे. श्टॉयर शेवटी आला की पुन्हा सोपं. फक्त ‘हुंडेश्टॉयर’ वाचून मराठी माणसाने दचकू नये. हुंड म्हणजे कुत्रा, आणि कुत्रा पाळण्यावर तिथल्या नगरपालिका कर घेतात. हुंड्याच्या जवळपास जाणारा शब्द आहे ‘आउसश्टॉयर’: मुलीबरोबर पाठवायच्या चादरी, टेबलक्लॉथ, भांडी. आपलं रुखवतच, लाडू-चकल्यांशिवायचं. तिथे श्टॉयरचा जुना अर्थ शिल्लक आहे. प्राचीन जर्मनमध्ये ‘श्टिउरा’ म्हणजे टेकू, आधार, मदत. वर्गणी काढताना ‘बायश्टॉयर्न’ म्हणतात तेही त्यातलंच.

आजच्या कायद्याने मात्र मदतीचा भाव पुसून टाकला आहे. जर्मन करकायद्याच्या तिसऱ्या कलमात श्टॉयरची व्याख्या आहे: असे पैसे, ज्यांच्या बदल्यात ठरावीक सेवा मिळत नाही. सेवेचे पैसे असतील तर ती ‘डी गेब्यूर’. सेवा वापरायची सोय आहे, वापरा वा न वापरा, तर तो ‘डेर बायट्राग’. रेडिओ-टीव्हीचे पैसे आधी गेब्यूर होते. 2013 पासून घरात टीव्ही असो-नसो, दर घरामागे द्यावे लागतात, म्हणून नाव बदलून बायट्राग केलं. नाव बदललं तरी रक्कम आपली तिथेच राहते, पण शब्दाची इतकी काळजी घेतलेली पाहून बरं वाटतं.

जर्मनीत फेसाळत्या वाइनवरचा कर 1902 साली आला, कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, आरमारासाठी. म्हणजे सुकाणूंसाठी पट्टी. 1919 मध्ये त्या आरमाराचा मोठा भाग स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लोला त्याच्याच खलाशांनी बुडवला. कर 1933 मध्ये उठला, 1939 मध्ये परत आला आणि अजून आहे: पाऊण लिटरच्या बाटलीला 1 युरो 2 सेंट.

राहता राहिला ‘त्सोल’. डेर त्सोल म्हणजे सीमाशुल्क. ‘तो टोल’ म्हणून लक्षात ठेवावं तर लिंग बसतं आणि अर्थ हुकतो, कारण रस्त्यावरचा टोल म्हणजे ‘डी माउट’. वर डेर त्सोल म्हणजे इंचसुद्धा, तोही पुल्लिंगीच. इथे तो, ती, ते कुणीच मदतीला येत नाही. अनेकवचन बघावं लागतं: सीमाशुल्कांचं ‘त्स्योले’ होतं, इंच कितीही झाले तरी ‘त्सोल’च. पंचावन्न त्सोलचा टीव्ही बाहेरून मागवला आणि त्यावर त्सोल बसला, तर हे वाक्य तिथले लोक कसं ऐकतात कोण जाणे. बहुधा ऐकतच नाहीत, आपण ‘वेळ’ ऐकत नाही तसे.