ट्रेलर लॉग: टो/हॉल मोड आणि आयझनहॉवर बोगद्यापलीकडचा उतार

या मोसमात एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवायचं ठरवलं होतं: ट्रकमधला टो/हॉल मोड (ओझं ओढताना गियर बदलायची पद्धत बदलणारं बटण) नेमकं काय करतो आणि तो खरा कामाला कुठे येतो. डेन्व्हरला राहत असल्याने चाचणीसाठी घाट शोधत फिरावं लागत नाही. आय-70 महामार्ग धरून पश्चिमेला निघालं की ट्रेलरसकटही दुपारच्या जेवणाआधी 11,000 फुटांवर पोचता येतं. ट्रक एफ-150, इंजिन 3.5 लिटर इकोबूस्ट, 10 गियरचं ऑटोमॅटिक. मागे 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर.

एप्रिल: आधी वजन

पाणी, गॅस, भांडीकुंडी, सायकली असं सगळं भरून कॅट स्केलवर (ट्रकांच्या वजनकाट्यावर) गेलो. ट्रेलर 6,200 पौंडांच्या आसपास भरला, टंग वेट, म्हणजे हिचवर (ट्रक-ट्रेलरच्या जोडणीवर) पडणारा भार, साधारण 780. म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या साडेबारा टक्के. 10 ते 15 टक्क्यांच्या मध्ये हवं, तसं आहे. टंग वेट काढायची पद्धत सोपी आहे. वेट डिस्ट्रिब्युशनचे बार (हिचवरचा भार पुढच्या चाकांकडेही वाटणारे दांडे) काढून ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या दोन्ही ॲक्सलचं वजन घ्यायचं, मग ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचं. वजाबाकी केली की हिचवर पडणारा भार मिळतो. हा भार ट्रकच्या पेलोडमधून (ट्रकवर लादता येणाऱ्या वजनातून) वजा होतो, आणि तो पेलोडचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. टो/हॉलचं बटण दाबून त्या आकड्यात एका पौंडाचीही भर पडत नाही. नवीन मंडळींना हे मी दरवेळी सांगतो आणि सांगत राहणार.

जून: चढ

आय-70 वरचं जॉर्जटाउन 8,500 फुटांवर, आयझनहॉवर बोगदा 11,000 च्या वर. मधला चढ आधी नॉर्मल मोडमध्ये चढलो, नंतरच्या फेरीत टो/हॉलमध्ये. नॉर्मलमध्ये गियरची धरसोड चालते: जरा रस्ता सपाट झाला की वरचा गियर, पुन्हा चढ लागला की दोन गियर खाली. त्यात टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गियरबॉक्समधल्या तेलाच्या जोडणीचं) लॉक सुटतं, लागतं, आणि प्रत्येक वेळी ट्रान्समिशनच्या तेलात उष्णता जाते. टो/हॉलमध्ये ट्रक वरचा गियर टाकायची घाई करत नाही. एक गियर पकडून चढतो, तापमानाचा काटा स्थिर राहतो. इंजिनचा आवाज मात्र वाढतो, आणि तो ऐकून अनेक जण ॲक्सिलरेटर सोडतात. तसं करायची काही गरज नाही. जास्त आरपीएमवर इंजिनाला ताकद मिळते आणि पाण्याचा पंपही जोरात फिरतो.

उंचीचा मुद्दा वेगळा. टर्बो नसलेलं इंजिन दर 1,000 फुटांमागे सुमारे 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. टर्बोला त्याचा फटका खूप कमी बसतो. कंपन्यांचे टोइंगचे आकडे एसएई जे2807 या मानकाप्रमाणे ठरतात. त्यातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या रस्त्यावर बेतलेली आहे: 11.4 मैल चढ, 100 अंश फॅरनहाइटचं ऊन, एसी पूर्ण सुरू, आणि आपल्यासारख्या ट्रकने ताशी 40 मैलांच्या खाली यायचं नाही. ती चाचणी कडक आहे यात शंका नाही, पण तो रस्ता आपल्या बोगद्यापेक्षा खूप खाली आहे. कोलोरॅडोत राहणाऱ्यांनी हा फरक धरूनच ट्रेलर निवडावा.

जुलै-ऑगस्ट: उतार

माझ्या मते हा मोड खरा उतारासाठी आहे. बोगद्याच्या पश्चिम तोंडातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत साधारण 8 मैल सलग उतार, काही ठिकाणी 7 टक्के. वाटेत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्पही ठेवलेत. आपल्याकडे घाटात जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. टो/हॉल हेच काम स्वतःहून करतो.

माझी पद्धत आता बसली आहे. बोगद्यातच वेग ताशी 45 मैलांवर आणायचा. बाहेर आल्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडायचा. वेग 50 कडे सरकला की ब्रेक ठामपणे, पण थोडाच वेळ दाबायचा. त्या दाबण्यावरून ट्रकला इशारा मिळतो, एक गियर खाली येतो, आरपीएम 3,500 च्या पुढे जातात आणि पाठीमागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा ट्रक आवरला जातो. पुन्हा वेग वाढलाच तर पुन्हा तसाच एक दाब. मधल्या वेळात पाय ब्रेकवरून पूर्ण बाजूला. हलका ब्रेक सतत लावून ठेवला तर डिस्कला थंड व्हायला फुरसतच मिळत नाही.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटलेलं असताना पिस्टनना हवा ओढायला धडपडावं लागतं, तोच हा अटकाव. शिवाय अशा वेळी इंजेक्टर पेट्रोल देणं बंद करतात, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलवर उतरणाऱ्याचं इंजिन मात्र चालू राहायला पेट्रोल पीतच असतं. वर सगळा भार ब्रेकवर. डिझेलला तसं थ्रॉटल नसतं, म्हणून तिथे एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनला रोखणारा) लागतो. डिझेल रॅम किंवा ड्युरामॅक्स (जीएमचं डिझेल इंजिन) असलेल्यांनी टो/हॉलसोबत तोही चालू ठेवावा.

सिल्व्हरथॉर्नला थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या डिस्क मोजतो. टो/हॉलमध्ये उतरल्यावर आणि नॉर्मलमध्ये उतरल्यावर दिसणारा फरक इतका होता की खात्रीसाठी परत मोजलं. आता नॉर्मलमध्ये हा उतार उतरायची इच्छा नाही.

सप्टेंबर: ट्रेलरचे ब्रेक

इंजिनचा अटकाव फक्त ट्रकच्या मागच्या चाकांपर्यंत पोचतो. ट्रेलर मागून ढकलतच असतो. त्यामुळे ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ती सेटिंग) दर सहलीच्या सुरुवातीला तपासतो: मोकळ्या सपाट जागेत ताशी 20-25 मैलांवर कंट्रोलरची हाताची पट्टी दाबायची. ट्रेलरने जोरात मागे ओढलं पाहिजे, पण चाकं लॉक होता कामा नयेत. ओल्या रस्त्यावर गेन थोडा कमी करतो. बर्फात टो/हॉलच्या भरवशावर ट्रेलर ओढायचा नाही. गियर अचानक खाली आला तर मागची चाकं घसरू शकतात आणि ट्रेलर त्यांना आणखी ढकलतो.

आणखी एक सवय लावून घ्या. काही ट्रकांत इंजिन बंद केलं की मोडही निघतो. पेट्रोल भरून किंवा जेवून निघताना डॅशवरची खूण बघायची, मगच हायवेला लागायचं. ट्रेलर सोडला की मोड बंद. रिकाम्या ट्रकला त्याची गरज नसते, पेट्रोल उगाच जास्त जातं.

पुढची फेरी यूएस-50 वरून मोनार्क पासची. 11,312 फूट, दोन्ही बाजूंना 6 टक्क्यांच्या आसपास उतार, वळणं आय-70 पेक्षा पुष्कळ घट्ट. तिथे वळणात गियर खाली पडतो तेव्हा ट्रेलर कसा वागतो ते बघायचंय, म्हणून वेग वळणाआधीच उतरवून ठेवणार. तिकडून 30 फुटांच्या वरचा ट्रेलर नेलेलं कोणी असेल तर कुठल्या वेगाने उतरलात ते जरूर कळवा.