तुमच्याकडे शेवटची तक्रार कधी आली होती?

केमो थांबवायची असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आत्यानं पहिला प्रश्न विचारला तो हिशोबाचा. "किती दिवस?" जन्मभर गणित शिकवलेल्या बाईकडून दुसरं काय येणार! डॉक्टर म्हणाले, "दिवसांचा नको आणि वर्षांचाही नको, महिन्यांचा हिशोब धरा. दोन, फार तर तीन." स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला होता. त्यांनी एका कागदावर 'हॉस्पिस' असं लिहून खाली तीन ठिकाणांची नावं दिली.

घरी येईपर्यंत बाबा गप्प होते. आत्या त्यांची थोरली बहीण. चप्पल काढता काढता म्हणाले, "म्हणजे ताईला आता सोडून द्यायचं?"

आत्यानं तो कागद माझ्याकडे सरकवला. "तू कारखान्यांचे सुटे भाग तपासत फिरतेस ना? मग हेही तपास. मला रिपोर्ट दे."

माझं काम खरंच ते आहे. कंपनीला माल पुरवणाऱ्यांकडे जायचं, त्यांच्यावर भरवसा ठेवता येईल का ते बघायचं. एकोणीस वर्षांत तीन गोष्टी अंगवळणी पडल्यात. 'सांगा' नाही म्हणायचं, 'दाखवा' म्हणायचं. मॅनेजरपेक्षा मशीनवरच्या माणसाला विचारायचं. आणि ज्याच्या रजिस्टरमध्ये एकही रिजेक्शन नाही, त्याच्याकडे तपासणीच होत नाही असं समजायचं.

आधी मलाच शिकायचं होतं. पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस हे मी एकच समजत होते. पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी करणारी देखभाल; ती निदान झाल्या दिवसापासून, केमो चालू असतानाही घेता येते. आजार बरा करायचे उपचार थांबवून सगळा भर आरामावर द्यायचा, ते हॉस्पिस. म्हणजे आम्ही पहिली पायरी चुकवून थेट दुसरीवर आलो होतो. आठ महिने आत्या पोट धरून रात्री काढत होती, आणि वेदनांसाठी वेगळा डॉक्टर असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

बाबांच्या 'सोडून देण्या'साठी मी एक अभ्यास शोधून काढला. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांना शेवटी आक्रमक उपचार कमी मिळाले, तरी मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ११.६ महिने निघालं. बाकीच्यांचं ८.९. आत्यानं चष्मा वर करून वाचलं. "१५१ म्हणजे काही फार नाहीत. शिवाय ते फुप्फुसाचं, माझं पोटाचं. पण सोडून दिलेली माणसं जास्त जगत नाहीत, एवढं यातून कळतं." बाबा त्यानंतर तो शब्द बोलले नाहीत.

पहिलं ठिकाण देखणं होतं. बाग, कारंजं, मऊ खुर्च्या, प्रत्येक खोलीला फुलाचं नाव. मॅनेजर सुटातले. मी वेदनांचं विचारलं तर म्हणाले, "रुग्णाला दुखायला लागलं की आम्ही पॅच लावतो, लगेच आराम." इथे माझं पेन थांबलं. आदल्या रात्रीच वाचलं होतं की फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाच्या, कातडीवर चिकटवायच्या पॅचचा पूर्ण परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात. ज्याच्या वेदना आधीच आटोक्यात आहेत त्याच्यासाठी तो ठीक. शिवाय 'दुखायला लागलं की' हेच मुळात चूक. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी औषधांची जी शिडी आखून दिली, तिच्याबरोबर सूत्रही दिलं होतं: शक्यतो तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीनं. घड्याळाप्रमाणे म्हणजे दुखायची वाट न बघता. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती दर चार तासांनी. त्यातूनही मध्येच कळ आली, तर त्यासाठी वेगळा जादा डोस आधीच लिहून ठेवलेला हवा.

मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. "तुमच्याकडे शेवटची तक्रार कधी आली होती? आणि तिचं काय केलंत?"

"आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत," ते हसून म्हणाले.

बाहेर पडताना व्हरांड्यात फरशी पुसणाऱ्या बाईंशी दोन मिनिटं बोलले. रात्री मजल्यावर सिस्टर किती असतात? "एक. बेल लई वाजते हो." मॅनेजरनी तीन सांगितल्या होत्या.

दुसरं ठिकाण घरी येऊन सेवा देणारं. माहितीपत्रकावर ठळक अक्षरात 'चोवीस तास'. शनिवारी रात्री सव्वादोनला मी फोन लावला. हे थोडं आगाऊपणाचं होतं, कबूल. खऱ्या गरजवंताची लाइन अडवायची नाही म्हणून दोन मिनिटांत ठेवायचा असं ठरवून लावला. वाजत राहिला, मग रेकॉर्ड केलेला आवाज आला. परत फोन आला तो सकाळी नऊ चाळीसला. त्यांच्याबद्दल एवढंच.

तिसऱ्या ठिकाणी फोन चौथ्या रिंगला उचलला. मी ओशाळून खरं सांगितलं की नुसतं तपासून बघत होते. बाई म्हणाल्या, "बरं केलंत. पण आत्ता तुमच्याकडे कुणाला दुखतंय का?" दुखत होतं. आत्या जागीच होती. त्यांनी कोणती गोळी, किती वाजता घेतली ते विचारलं आणि रात्र काढायला काय करता येईल ते सांगितलं. अजून आम्ही त्यांचे कुणी नव्हतो.

दोन दिवसांनी तिथे गेले. जुनी इमारत, रंगाचे पोपडे निघालेले, केसपेपरवरचं अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला. माझ्यातली इन्स्पेक्टर खट्टू झाली. तक्रारीचा प्रश्न विचारल्यावर मात्र मुख्य सिस्टरनी कपाटातून एक वही काढून माझ्यापुढे उघडी ठेवली. मागच्याच महिन्यातली नोंद: शिफ्ट बदलताना एका रुग्णाला जादा डोससाठी पन्नास मिनिटं थांबावं लागलं, मुलानं तक्रार केली. खाली लिहिलं होतं, यापुढे शिफ्ट बदलताना एक नर्स चर्चेत बसणार नाही, फक्त बेल बघेल. आणखी तीन-चार नोंदी चाळल्या. सगळीकडे चूक आणि खाली केलेला बदल. वही वाचून इतकं हायसं वाटलं की मला स्वतःचंच नवल वाटलं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "आमचंही एक विचारायचंय. आत्यांना स्वतःच्या आजाराबद्दल किती माहीत आहे? आणि त्यांना काय हवंय?" आधीच्या दोन्ही ठिकाणी हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

माझा रिपोर्ट शंभर गुणांचा होता, दहा मुद्दे, प्रत्येकी दहा. पहिल्या ठिकाणाला ७०, तिसऱ्याला ६८. आत्यानं वाचून कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे अशी बघितली की मी पुन्हा आठवीत गेले.

"स्वच्छतागृहाला दहा आणि रात्रीच्या फोनलाही दहाच? बागेला दहा? मी बागेत फिरणार आहे का गं? बेरीज बरोबर आहे तुझी. भार चुकलाय."

लाल पेन मागवलं. वेदनांना चाळीस, रात्रीला तीस, बाकी सगळ्याला मिळून दहा. उरलेल्या वीसपुढे तिनं लिहिलं: 'माझ्याशी बोलतात की तुझ्याशी?' ते गुण तिनं राखून ठेवले आणि तिसऱ्या ठिकाणच्या सिस्टरना घरी बोलवायला लावलं. सिस्टर आल्या, स्टूल ओढून आत्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसल्या, आणि पाऊण तासात माझ्याकडे फार तर दोनदा बघितलं असेल. आत्यानं वीसपैकी एकोणीस दिले. पूर्ण गुण ती कुणालाच देत नसे.

घरीच राहायचं ठरलं. गरज पडली तर त्यांच्याकडे खाट होती. मॉर्फिन सुरू झालं. बाबांना भीती होती की याची सवय लागेल, किंवा यानं जीव लवकर जाईल. डॉक्टरांनी ते उडवून लावलं नाही, बसून समजावलं: मात्रा हळूहळू, वेदनेच्या बेतानं वाढवली तर यातलं काही होत नाही, मळमळ चार-सहा दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबरीनं.

आणि नेमकी तिथेच चूक झाली. ते औषध चार्टवर लिहिलेलं होतं, पण पिशवीत आलंच नाही, आणि पहिल्या भेटीला आलेल्या नर्सनं विचारलं नाही. सहाव्या दिवशी आत्या पोटातल्या कळांनी घामाघूम झाली. मला स्वतःचाच राग आला: औषधांची यादी तपासायचं काम माझं, आणि घरात आलेली पिशवी मी यादीशी ताडून पाहिली नव्हती. फोन केला. तासाभरात नर्स आली, इलाज झाला. दुसऱ्या दिवशी मुख्य सिस्टरचा फोन. "चूक आमची आहे." पुढच्या भेटीला आलेल्या चार्टवर एक नवा रकाना होता: पोट कधी साफ झालं. त्या वहीत आता आमचीही नोंद असणार.

हॉस्पिसची आजची पद्धत ज्यांनी घालून दिली त्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. दुखणं नुसतं शरीराचं नसतं. मनाचं, घरच्या माणसांचं, श्रद्धेचं सगळं मिळून एक दुखणं होतं, असं त्यांचं म्हणणं. वाचताना मला हे जरा पुस्तकी वाटलं होतं. मग एका भेटीत सिस्टरनी विचारलं, "शून्य ते दहात किती दुखतंय?" आत्या म्हणाली, "चार." "आणि आतलं?" आत्या बराच वेळ गप्प बसली. मग घराच्या तिच्या अर्ध्या वाट्याचं बोलली. कागद अपुरे होते, आपल्यामागे बाबांना त्यावरून हेलपाटे पडतील, ही टोचणी रोज रात्री. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. त्याच आठवड्यात हॉस्पिसचे समाजसेवक आले, मृत्युपत्र झालं. तोवर दिवसाला तीन जादा डोस लागत होते, नंतर बरेच दिवस एकच पुरला. योगायोग असेलही.

शेवटचा आठवडा आम्हाला आधी सांगून आला, असंच म्हणावं लागेल. गिळता येणार नाही, तेव्हा औषध कातडीखालच्या बारीक सुईतून देऊ. श्वासात घरघर येईल. ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण तिला बहुधा तिचा त्रास होत नसेल, फक्त कुशीवर वळवा. बाबा चमच्यानं पाणी पाजायला बघत. नर्सनं त्यांच्या हातात ओला स्पंज दिला, ओठ आणि जीभ ओली ठेवायला. "खात नाही म्हणून त्या जात नाहीयेत, काका. जायला निघाल्यात म्हणून खात नाहीत." बाबांना हाताला काम मिळालं. ते दर अर्ध्या तासानं स्पंज भिजवत राहिले.

एक प्रश्न माझ्या यादीत नव्हताच: माणूस गेल्यावर तुम्ही काय करता? दीड महिन्यानं त्यांचा फोन आला, तो माझ्यासाठी नव्हता. बाबांसाठी होता. झोप लागते का, एवढंच विचारायला. बाबा अर्धा तास बोलले.

पण ते पुढचं. आत्या पहाटे गेली. दुसऱ्या दिवशी नर्स उरलेलं मॉर्फिन परत न्यायला आली. त्या गोळ्यांचा हिशोब चुकवून चालत नाही. आम्ही दोघी टेबलाशी बसलो; ती गोळ्या मोजत होती, मी वही वाचत होते. पहिल्या पानांवर आत्याचं अक्षर, वेळ मिनिटासकट, ओळी आखलेल्या. मग माझं. एक गोळी कमी भरली.

पुन्हा मोजलं, तरी एक कमीच. मग मला आठवलं, तीन आठवड्यांपूर्वीची रात्र, मळमळ होऊन गोळी तोंडातून बाहेर पडली होती, मी ती पुसून टाकली आणि दुसरी दिली. लिहायचं राहिलं. "ती मागं लागली होती," मी नर्सला म्हणाले, "लिहिलंस का म्हणून. मी हो म्हटलं होतं."

नर्सनं रकान्यात तारीख घातली, 'एक गोळी वाया' असं लिहिलं, आणि सहीसाठी पेन माझ्याकडे दिलं.