तुम्ही विचारलंत म्हणून: 'क्लीव्ह' म्हणजे चिरणं की चिकटणं?

इंग्रजी शिकवते असं कळलं की कुणी ना कुणी विचारतंच, एकाच शब्दाला असे उलटे अर्थ कसे? तर लिहूनच टाकते. तो एक शब्द नाहीच, दोन आहेत. जुन्या इंग्रजीत चिरणारा होता क्लेओफान, चिकटणारा क्लिफियान. खाटकाचा क्लीव्हर, दुभंगलेल्या टाळूसाठीचा क्लेफ्ट आणि लसणाची पाकळी म्हणजे क्लोव्ह, ही पहिल्याची भावकी. (लवंगेचा क्लोव्ह वेगळा; तो लॅटिनमधल्या खिळ्यावरून आलाय.) चिकणमातीचा क्ले दुसऱ्याच्या गोतातला. पुढे उच्चार झिजत झिजत दोघांचं रूप एकच झालं.

हे मला आधीपासून ठाऊक होतं असं समजू नका. बारा वर्षं मी वर्गात 'एक शब्द, दोन उलटे अर्थ' असंच सांगितलं. मुलांना ते आवडायचं, मलाही. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. फार हळू बोलायची. म्हणाली, "बाई, हे दोन वेगळे शब्द असतील का? माळ आणि माळ असतात तसे? गळ्यातली ती माळ, आणि उघडा तो माळ." मी म्हणाले, "खाली बस. परीक्षेत असलं विचारत नाहीत." वर्ग हसला. ती बसली, वहीचा कोपरा दुमडत राहिली. त्या रात्री मोठा शब्दकोश उघडला. क्लीव्हच्या दोन स्वतंत्र नोंदी, एकीखाली एक. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, पण 'काल ही बरोबर होती' हे वाक्य काही तोंडातून निघालं नाही. वर्षभरात तिने पुन्हा हात वर केला नाही.

तेव्हाची मी अगदीच चूक होते, असंही मात्र म्हणवत नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये रूथ सासूला बिलगते तिथे 'क्लेव्ह' (क्लीव्हचं जुनं भूतकाळी रूप) आहे, आणि अब्राहाम लाकडं फोडतो तिथेही 'क्लेव्ह'च. कानाला फरक कळत नसेल, तर ते दोन म्हणायचे कुणाच्या हिशेबाने? कोशाच्या? माळेला निदान 'ती' आणि 'तो' आहे. क्लीव्हला तेवढाही आधार नाही. ती मुलगी आज भेटली तर दोन आहेत असंच सांगेन, आणि काल तूच बरोबर होतीस हेही. पण 'क्लेव्ह'चं काय, असं तिने विचारलं तर माझ्याकडे अजून उत्तर नाही.